३९ पौंडांचं पत्र

ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या दशकात अनेक घरांच्या दाराच्या फटीतून एक पत्र आत पडायचं. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे अमुक तारखेचं डायरेक्ट डेबिट (बिलाची रक्कम खात्यातून परस्पर वळती करण्याची सोय) परत पाठवावं लागलं, त्याबद्दल आपल्या खात्यातून तमुक रक्कम वजा होईल, एवढाच मजकूर. रक्कम बँकेगणिक वेगळी. कुठे २५ पौंड, कुठे ३०, कुठे थेट ३९. परत गेलेलं बिल पुष्कळदा त्याहून लहान असायचं. फोनचे १२ पौंड भरायचे होते, खात्यात ९ होते, म्हणून ३९ कापले. अशा हिशोबाला काय म्हणायचं? ग्राहक त्याला दंड म्हणत, बँका त्याला शुल्क म्हणत. पुढे तीन-साडेतीन वर्षं हा वाद कौंटी न्यायालयांपासून सुप्रीम कोर्टापर्यंत चढत गेला आणि शेवटी बँका जिंकल्या.

त्या कशा जिंकल्या, यासाठी हे प्रकरण उलगडून पाहण्यासारखं आहे. आपली आकारणी रास्त आहे असं बँकांनी कोर्टात कधीच सिद्ध केलं नाही. ती रास्त आहे का, हे त्या मार्गाने विचारताच येणार नाही, एवढंच त्यांनी पदरात पाडून घेतलं.

फुकट खात्याची किंमत

हाय स्ट्रीट म्हणजे गावचा मुख्य बाजाररस्ता. त्या रस्त्यावर हमखास शाखा असणाऱ्या बार्कलेज, लॉईड्स, एचएसबीसी, नॅटवेस्ट अशा मोठ्या बँका म्हणून हाय स्ट्रीट बँका. १९८४ मध्ये यांच्यातल्या मिडलंड बँकेने (पुढे तीच एचएसबीसी झाली) जाहीर केलं की खात्यात शिल्लक असेल तोवर खातं चालवायला एक पैसाही लागणार नाही. गिऱ्हाईक तिकडे वळू लागल्यावर बाकीच्यांनाही तेच करावं लागलं. (तिकडे घरगुती खात्यालाच करंट अकाउंट म्हणतात, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या चालू खात्याशी त्याची गल्लत नको.) तेव्हापासून चेकबुक फुकट, एटीएम फुकट, डायरेक्ट डेबिट फुकट. बँकेचं खातं हे नळाच्या पाण्यासारखं असतं, अशीच ब्रिटिश माणसाची समजूत होऊन बसली.

पण बँक ही काही धर्मशाळा नव्हे. पैसे निघायचे ते मुख्यतः दोन वाटांनी. एक म्हणजे खात्यात पडून असलेल्या पैशावर जवळजवळ काहीच व्याज द्यायचं नाही. दुसरी वाट शिल्लक संपली की उघडायची. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग, म्हणजे बाजारातल्या व्यवहारांवर नजर ठेवणारी तिथली तेव्हाची सरकारी संस्था, हिने जुलै २००८ मध्ये या खात्यांचा सविस्तर अहवाल काढला. त्यानुसार २००६ या एका वर्षात बँकांना घरगुती खात्यांमधून ८३० कोटी पौंड मिळाले होते. दर चालत्या खात्यामागे सरासरी १५२ पौंड. फुकट खात्यामागे! त्यातले सुमारे २६० कोटी पौंड केवळ 'पुरेशी शिल्लक नाही' या सदराखाली जमा झाले होते. त्या वर्षात २३ टक्के ग्राहकांना निदान एकदा हा फटका बसला, आणि १४ लाख लोकांनी वर्षभरात ५०० पौंडांहून अधिक भरले.

म्हणजे चार जणांतला एक जण कमी पडत होता, आणि त्याच्या कमी पडण्यावर उरलेल्या तिघांचं खातं फुकट चालत होतं. श्रीमंताला लुटून गरिबाला देणाऱ्या रॉबिन हूडच्या देशात याला 'उलटा रॉबिन हूड' असं नाव पडलं. आपल्याकडे त्याला गरिबाच्या ताटातली भाकरी ओढणं म्हणतात.

एकातून एक

आकड्यांवरून अंदाज येतो, पण हे शुल्क माणसाला गाठायचं कसं ते कळत नाही. समजा, एक बाई इस्पितळात सफाईचं काम करते. पगार महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी. घरभाडं, वीज आणि फोन यांची डायरेक्ट डेबिट त्याच सुमाराला लावलेली. एखाद्या महिन्यात पगार शुक्रवारऐवजी सोमवारी जमा होतो. तीन डेबिट शुक्रवारी येतात आणि तिन्ही परत जातात. तीन पत्रं, दर पत्राला ३५ पौंड, झाले १०५. घरमालक आणि वीज कंपनी उशिराबद्दल आपलं वेगळं मागणार. सोमवारी पगार येतो, पण त्यातले १०५ पौंड तिचे नसतातच. त्यामुळे पुढच्या महिन्यात खातं आणखी चार दिवस आधी रिकामं होतं, आणि पुन्हा पत्रं. काही महिन्यांनी तिला शुल्कामुळे तूट येते आहे की तुटीमुळे शुल्क, हे तिलाही सांगता येणार नाही.

हप्त्याचं ईसीएस परत गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. इकडून बँक कापते, तिकडून फायनान्स कंपनी कापते. हप्त्याच्या दिवशी ४० रुपये कमी पडले म्हणून माझ्या खात्यातून एकदा जीएसटीसकट जवळजवळ सहाशे रुपये गेले होते. पासबुकात त्या नोंदीपुढे जी पाच अक्षरं छापली होती त्यांचा अर्थ विचारायला मी शाखेत दोन चकरा मारल्या. काउंटरवरच्या मुलीलाही तो ठाऊक नव्हता.

ब्रिटिश बँकांची ही आकारणी चार तऱ्हेची होती. देणं परत पाठवलं तर एक शुल्क. खात्यात पैसे नसताना बँकेने ते देऊन टाकलं तरी एक शुल्क. शिल्लक संपल्यावरही पैसे उचलण्याची जी मर्यादा बँकेने मंजूर केलेली असते, तिच्याबाहेर महिनाभरात खातं गेलं म्हणून आणखी एक. आणि ग्राहकाकडच्या चेक-हमी कार्डामुळे बँकेला चेक वटवावाच लागला तर त्याचं चौथं. चेक परत केला तरी पैसे, वटवला तरी पैसे. ही जोडी पुढे कोर्टात फार महत्त्वाची ठरली.

पिवळा मार्कर

इंग्लंडच्या करार कायद्यात एक जुना नियम आहे. १९१५ मधल्या डनलॉप टायर कंपनीच्या खटल्यातून तो पक्का झाला. २०१५ पर्यंत त्याचा अर्थ असा लावला जाई: करार मोडणाऱ्याकडून झालेल्या नुकसानीच्या प्रामाणिक अंदाजाएवढी भरपाई घेता येई. धाक बसावा म्हणून अवाच्या सवा रक्कम लावली असेल तर तो दंड ठरे आणि कोर्ट तो वसूल करू देत नसे. त्याच्या जोडीला युरोपीय निर्देशावरून केलेले १९९९ चे नियम होते. ग्राहकाशी केलेल्या छापील करारातली अन्यायकारक कलमं त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असं ते सांगत.

ठिणगी पडली ती एप्रिल २००६ मध्ये. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने क्रेडिट कार्डवाल्यांना सांगितलं की हप्ता चुकल्याबद्दल १२ पौंडांपेक्षा जास्त आकारलंत तर आम्ही ते अन्यायकारकच धरू. तोवर कार्ड कंपन्या वीस-पंचवीस पौंड घेत होत्या. बहुतेकींनी मुकाट्याने १२ केले. मग लोकांच्या मनात साधा प्रश्न आला: कार्डाचा हप्ता चुकला तर १२, मग खात्यात शिल्लक नसली तर ३९ कसे?

त्यानंतर जे घडलं त्याला चळवळ म्हणावं तर तिला ना मोर्चा होता, ना घोषणा. होते फक्त कागद. पैशांच्या व्यवहारांवर लिहिणारे पत्रकार मार्टिन लुईस यांच्यासारख्यांनी पत्रांचे नमुने तयार करून लोकांपुढे ठेवले. पहिलं पत्र बँकेला: माहिती संरक्षण कायद्याखाली माझी सहा वर्षांची स्टेटमेंटं द्या. त्यासाठी फी १० पौंड, आणि बँकेला मुदत ४० दिवस. सहा वर्षं का, तर इंग्लंडमध्ये दावा लावायची मुदत तेवढी. स्टेटमेंटांचा गठ्ठा आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचा, पिवळ्या मार्करने शुल्काच्या ओळी रंगवायच्या आणि बेरीज करायची. बऱ्याच लोकांना आपण किती भरलं ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. मग दुसरं पत्र, पैसे परत मागणारं. नकार आला की कौंटी न्यायालयात छोट्या दाव्यांच्या खिडकीवर अर्ज. ५,००० पौंडांपर्यंतच्या दाव्याला वकील लागत नसे. वर ८ टक्क्यांनी व्याजही मागता येई.

बँका लढल्याच नाहीत. बहुतेक दाव्यांत सुनावणी जवळ येऊन ठेपली की चेक यायचा. सोबतचं पत्र सांगायचं की आम्ही काही चुकलो असं नाही, केवळ सद्भावना म्हणून देतो आहोत. ही सद्भावना नेमकी तारखेच्या तोंडावरच का दाटून येत होती? कोर्टात उभं राहिलं तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारणार: एक डेबिट परत पाठवायला तुम्हाला खर्च किती येतो? संगणक एक ओळ लिहितो आणि एक पत्र छापतो. त्याचा खरा खर्च बँकांना जाहीर होऊ द्यायचा नव्हता. एखाददुसऱ्या ठिकाणी तर निकाल लागूनही बँकेने पैसे दिले नाहीत, तेव्हा ग्राहकाने शाखेत बेलीफ पाठवले. कर्जदाराच्या दारात बेलीफ नेणाऱ्या बँकेच्या दारात बेलीफ! त्या वर्षांतल्या रागाला अशा बातम्यांनी खमंग फोडणी दिली. दावा लावणाऱ्यांना खातं बंद करण्याच्या नोटिसा आल्याच्याही तक्रारी झाल्या.

दावा म्हणजे हमखास चेक, असं मात्र नव्हतं. मे २००७ मध्ये बर्मिंगहॅमच्या कौंटी न्यायालयात एक ग्राहक सरळ हरला. त्या निकालाकडे तेव्हा अपवाद म्हणून पाहिलं गेलं. वारा कुठून वाहणार आहे ते त्यात दिसत होतं, असं आज वाटतं.

मागणीपत्र समजावे

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि तो बातम्यांमध्ये फारसा आला नाही.

दंडाचा जुना नियम लागू व्हायला करार मोडला गेला पाहिजे. पूर्वीच्या करारपत्रांमध्ये साधारण असं लिहिलेलं असे की ग्राहकाने मंजुरीशिवाय खातं तुटीत नेता कामा नये. नेलं तर करारभंग. आणि करारभंगाबद्दल घेतलेले पैसे म्हणजे दंड, असं म्हणायला जागा. बँकांनी कलमं बदलून घेतली. शिल्लक नसताना तुम्ही चेक दिलात किंवा डेबिट येऊ दिलंत, तर तुम्ही ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे उचलू देण्याची, विनंती केली आहे असं आम्ही समजू. त्या विनंतीचा आम्ही विचार करू. मान्य केली तर त्याचं शुल्क, अमान्य केली तरी विचार केल्याचं शुल्क.

पुन्हा एकदा त्या सफाई कामगार बाईकडे पाहा. शुक्रवारी तिने काहीच केलेलं नाही. ती कामावर होती. पण कागदावर तिने बँकेकडे तीन अर्ज केले, बँकेने तिन्हींवर विचार केला आणि तिन्ही फेटाळले. ३५ पौंड ही त्या विचाराची फी. यात करार कुठे मोडला? दंड कुठे आहे? ही तर सेवा झाली.

शब्दांची ही कारागिरी पाहून मला थोडं कौतुकही वाटतं. सावकाराच्या वहीत पूर्वी 'मनुती', 'कसर', 'वटाव' अशी सदरं असत. बिचाऱ्या कुळाला वाटे की आपण व्याज देतो आहोत, आणि प्रत्येक सदर वेगळं काहीतरी कापत असे. वही बदलली, सदरं लिहिण्याची अक्कल तीच राहिली.

दावे थांबले, कपात चालू

कौंटी न्यायालयं दाव्यांनी तुंबली. २७ जुलै २००७ रोजी ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग आणि आठ संस्था यांच्यात ठरलं की एकच कसोटी खटला उच्च न्यायालयात चालवायचा. त्या आठ म्हणजे ॲबी नॅशनल, बार्कलेज, क्लाइड्सडेल, एचबीओएस, एचएसबीसी, लॉईड्स टीएसबी, आरबीएस आणि नेशनवाइड ही बिल्डिंग सोसायटी, म्हणजे सभासदांच्या मालकीची, बँकेसारखंच काम करणारी संस्था. वरवर पाहता यात वावगं काही नव्हतं. लाखो किरकोळ दाव्यांपेक्षा एक ठाम निकाल बरा.

पण त्याच दिवशी वित्तीय नियामकाने बँकांना एक सवलत दिली. एरवी ग्राहकाच्या तक्रारीला आठ आठवड्यांत उत्तर देणं सक्तीचं असे. या शुल्काच्या तक्रारींना ते बंधन उठवलं. बँक ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या लोकपालानेही अशी प्रकरणं बाजूला ठेवली. कौंटी न्यायालयांनी प्रलंबित दाव्यांना स्थगिती द्यायला सुरुवात केली. ठरावीक मुदतीसाठी म्हणून दिलेली ती सवलत वाढत वाढत नोव्हेंबर २००९ पर्यंत गेली.

या सव्वादोन वर्षांत ग्राहकाचा हात बांधलेला होता, बँकेचा नव्हता. शुल्क कापणं एक दिवसही थांबलं नाही. वाद चालू आहे तोवर निदान नवी वसुली तरी वेगळ्या खात्यात जमा करा, असं कुणी सांगितलं असतं तर बँकांनाही निकालाची घाई झाली असती. भाडेकरू आणि मालकाच्या भांडणात भाडं कोर्टात भरायला लावतात, तसं. तसं काही झालं नाही. या प्रकरणात नियामकाची सर्वात मोठी चूक कोणती असं मला विचारलंत, तर मी कोर्टातल्या पराभवाच्या आधी या सवलतीकडे बोट दाखवीन. स्वयंपाकघरातल्या टेबलावरून चाललेली लढाई लोक जिंकत होते. ती त्यांच्या हातून काढून वकिलांच्या हाती दिली, आणि मग नियामक ती हरला.

तीन कोर्टं, एक कलम

२४ एप्रिल २००८ रोजी न्यायमूर्ती अँड्र्यू स्मिथ यांनी उच्च न्यायालयाचा निकाल दिला. नव्या कलमांनुसार ग्राहक करार मोडतच नाही, तेव्हा जुन्या नियमाखाली हा दंड नव्हे. 'समजू की तुम्ही विनंती केली' ही शब्दयोजना इथे बँकांना फळली. मात्र १९९९ च्या नियमांखाली ही आकारणी न्याय्य आहे की नाही हे तपासता येईल, असंही त्यांनी म्हटलं. बँका अपिलात गेल्या. २६ फेब्रुवारी २००९ रोजी अपील न्यायालयानेही ग्राहकांच्याच बाजूने कौल दिला. दोन पायऱ्या चढून झाल्या होत्या.

आता सगळं अडलं होतं एका उपकलमावर. १९९९ च्या त्या नियमांतला नियम ६(२) सांगत असे की करारातली भाषा साधी आणि समजण्यासारखी असेल, तर वस्तू किंवा सेवेच्या बदल्यात मागितलेली किंमत वाजवी आहे का, हे या नियमांखाली तपासायचं नाही. किंमत किती असावी हे बाजाराने ठरवावं, न्यायाधीशाने नव्हे, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. चहा दहा रुपयांना हवा की वीसला, हे कोर्टाने सांगायला लागलं तर टपरी चालायची नाही. प्रश्न एवढाच की हे ३९ पौंड किंमत आहेत का, आणि असतील तर कशाची?

अपील न्यायालयाने म्हटलं होतं की खातं उघडताना माणूस ज्याचा विचार करतो तो मुख्य सौदा, त्याची किंमत तपासायची नाही; हे शुल्क आडबाजूचं आहे, ते तपासता येईल. बँकांचं म्हणणं वेगळं होतं. खातं ही एक अख्खी थाळी आहे. चेकबुक, एटीएम, डेबिट, शाखा, सगळं त्यात आलं. त्या थाळीचे पैसे कुणी व्याज सोडून देतो, कुणी शुल्क भरून देतो. सगळं मिळून किंमत.

सुप्रीम कोर्ट तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं. हाऊस ऑफ लॉर्ड्समधून सर्वोच्च न्यायदानाचं काम काढून १ ऑक्टोबर २००९ रोजी ते सुरू झालेलं. २५ नोव्हेंबर २००९ रोजी लॉर्ड फिलिप्स, लॉर्ड वॉकर, लेडी हेल, लॉर्ड मान्स आणि लॉर्ड न्यूबर्गर या पाचही न्यायाधीशांनी एकमताने बँकांचं अपील मान्य केलं. मुख्य किंमत आणि आडबाजूची किंमत असा भेद त्या नियमात नाही; ही आकारणी बँकेच्या सेवांच्या एकूण मोबदल्याचाच भाग आहे. लॉर्ड वॉकर यांनी यासाठी जी गोष्ट नोंदवली ती मला या निकालातली सर्वात विलक्षण वाटते: घरगुती खात्यांतून मिळणाऱ्या उत्पन्नापैकी ३० टक्क्यांहून अधिक या शुल्कातूनच येतं. मग ते किरकोळ कसं म्हणायचं?

म्हणजे शुल्क किरकोळ असतं, वर्षाकाठी चार पैसे देणारं असतं, तर त्याला आडबाजूचं म्हणणं निदान सोपं गेलं असतं. ते अवाढव्य होतं, म्हणून ते किंमत म्हणून शोभलं, आणि किंमत ठरल्यामुळे त्याला हात लावता येईना. जेवढं जास्त उकळाल तेवढे जास्त सुरक्षित. न्यायाधीश असं म्हणाले नाहीत, आणि कायद्याच्या अक्षराला धरून पाहिलं तर त्यांचं वाचन ठिसूळही नाही. पण शाखेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला तेवढंच ऐकू आलं.

लेडी हेल यांनी लिहिलं की ग्राहक कायद्याचं काम माणसाला माहितीनिशी निवड करू देणं हे आहे, शहाणपणाची निवड करायला लावणं हे नव्हे. सौंदर्यप्रसाधनं आणि डिझायनर कपडे मोजलेल्या पैशांच्या मोलाचे नसले तरी लोक ते डोळे उघडे ठेवून घेतातच. इथे मी अडखळतो. लिपस्टिक घेणारी दुकानात जाऊन हात पुढे करते. त्या शुक्रवारी पगार आला नाही, ही कुणाची निवड होती? खातं उघडताना आपण वर्षाकाठी ५०० पौंड भरणाऱ्या १४ लाखांत जाणार, असं गृहीत धरून कोण सही करतं?

न्यायालयाला आपल्या निकालाचा परिणाम ठाऊक होता. अनेक ग्राहकांची घोर निराशा होईल, हा विषयाचा शेवट नव्हे, आणि मंत्री व संसद यांना हवं तर त्यांनी याचा पुन्हा विचार करावा, अशा अर्थाचं लॉर्ड वॉकर यांनी लिहून ठेवलं. नियमांतल्या दुसऱ्या कलमाखाली, वेगळ्या मुद्द्यावर आव्हान द्यायचा दरवाजाही किलकिला ठेवला होता. २२ डिसेंबर २००९ रोजी ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने जाहीर केलं की त्या दारातून आत जाण्यात फारसा अर्थ नाही. स्थगित पडलेले लाखो दावे आणि तक्रारी त्याबरोबर हवेत विरल्या.

आदल्या दिवशीची बातमी

या निकालावर लोक एवढे का भडकले ते कळायला एक दिवस मागे जावं लागेल. २४ नोव्हेंबर २००९ रोजी बँक ऑफ इंग्लंडने उघड केलं की वर्षभरापूर्वी, २००८ च्या शरदात, तिने आरबीएस आणि एचबीओएस यांना गुपचूप ६,१६० कोटी पौंड उसने दिले होते. बँकांना वाचवायला सरकारने जाहीरपणे ओतलेला पैसा वेगळाच. आरबीएसची बहुतांश मालकी तोवर करदात्यांकडे आलेली.

म्हणजे खात्यात पैसे नसताना देणी आली, अशी वेळ बँकांवरही आली होती. तेव्हा कुणी त्यांना ३९ पौंडांचं पत्र पाठवलं नाही. कर्ज गुप्त ठेवलं, मुदत दिली, सांभाळून घेतलं. त्या परिस्थितीत ते करणं योग्यच होतं असं मी मानतो. आरबीएसची एटीएम बंद पडली असती तर पहिला तडाखा पगारावर जगणाऱ्यांनाच बसला असता. पण मंगळवारी ती बातमी वाचलेल्या माणसाने बुधवारी हा निकाल वाचला.

हे वाचताना २०१७ आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या स्टेट बँकेने त्या वर्षीच्या एप्रिलपासून किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांना पुन्हा आकारणी सुरू केली आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा बँकेचा नफा होता १,५८१ कोटी. कारणं वेगळी, कायदा वेगळा, पण ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून घ्यायचं ही तऱ्हा तीच. बोभाटा झाल्यावर दर कमी केले आणि मार्च २०२० मध्ये ती आकारणी बंद केली. आपल्याकडे काम केलं ते संसदेत मागितलेल्या आकडेवारीने आणि वर्तमानपत्रांनी. कोर्टात कुणाला जावं लागलं नाही.

पुढे काय झालं

ब्रिटनमध्ये निकालानंतर बँकांनी ३९ पौंडांचा फटका हळूहळू मोडीत काढला आणि दिवसावर आल्या. विनामंजुरी तूट असेल तर दिवसाला ५ पौंड, अशा धर्तीचं. ऐकायला बरं, पण आठवडाभर तूट राहिली की जवळजवळ तिथेच. २०१६ मध्ये स्पर्धा आयोगाने मोठी चौकशी संपवून सांगितलं की प्रत्येक बँकेने महिन्याच्या अशा शुल्काची कमाल मर्यादा जाहीर करावी. किती ठेवायची ते बँकेनेच ठरवायचं. कुंपणाने शेताला सांगावं की तुला किती खायचं ते मीच ठरवतो, असा तो तोडगा.

खरा बदल आला तो नव्या वित्तीय नियामकाकडून, एफसीएकडून. त्यांच्या पाहणीत दिसलं की २०१७ मध्ये बँकांनी सगळ्या प्रकारच्या ओव्हरड्राफ्टवर २४० कोटी पौंडांहून अधिक कमावले. विनामंजुरी ओव्हरड्राफ्टची निम्म्याहून जास्त फी फक्त दीड टक्का ग्राहकांकडून येत होती. ७ जून २०१९ रोजी नियम निघाला आणि ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला: ठरावीक रकमेची फी बंद, फक्त वार्षिक व्याज, आणि मंजुरी घेतलेल्या व न घेतलेल्या ओव्हरड्राफ्टचा दर वेगळा ठेवायचा नाही. १०० पौंडांच्या तुटीला दिवसाला ५ पौंड पडायचे तिथे आता २० पेन्सांहून कमी. पाच न्यायाधीशांना जे विचारायची मुभा नव्हती, ते नियामकाने एका नियमात करून टाकलं. आधीही कुणाला तरी करता आलं असतंच.

बँकांनी याचं उत्तर आकड्यानेच दिलं. नेशनवाइडने आधी, मग एचएसबीसी आणि इतरांनी ओव्हरड्राफ्टचा दर नेऊन ठेवला ३९.९ टक्क्यांवर किंवा त्याच्या आसपास. एकोणचाळीस या आकड्याशी त्या रस्त्याचं काही नातं असावं. सगळ्यांचे दर एकाच ठिकाणी कसे पोचले, असं जानेवारी २०२० मध्ये एफसीएने बँकांना लेखी विचारलं. दहापैकी सात ओव्हरड्राफ्टवाल्यांचा नव्या पद्धतीत फायदा होईल किंवा त्यांना फरक पडणार नाही, असंही नियामकाचं म्हणणं होतं. उरलेले तिघे म्हणजे वर्षानुवर्षं मंजूर ओव्हरड्राफ्ट स्वस्तात वापरणारे, नियमित पगाराचे, पत चांगली असलेले लोक. या वेळी रागाची पत्रं त्यांची आली.